मुरघासाची जाहिरात, तीन गायींच्या गोठ्यासाठी: प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

मामांच्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या मक्याच्या चाऱ्याच्या, जाहिरातीचं काम आजपासून माझ्याकडे. एमबीएचा प्रोजेक्ट पण हाच धरलाय. गाईड सर म्हणाले एक सेगमेंट, म्हणजे गिऱ्हाइकांचा एक गट, पकड, त्याच्यासाठी जाहिरात कशी कशी बदलत जाते ते तारखेनिशी लिहून ठेव, शेवटी रिपोर्ट आपोआप होतो. आपोआप काही होत नाही हे माहितीये, पण नोंदी तर ठेवते.

आधी माल काय ते. मका दाणा चिकात, म्हणजे कोवळा-दुधाळ, असताना तोडायचा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची, मशीनमध्ये दाबून हवा काढायची, वरून फिल्म गुंडाळायची आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. मामांकडे दोन साइझ आहेत, एक टनाची बॅग आणि एक बारकी गाठ ५०-५५ किलोची. भाव सात रुपये किलो, जागेवर.

सध्याची जाहिरात म्हणजे पुणे-नाशिक हायवेला एक फ्लेक्स. "शेतकरी बांधवांसाठी आनंदाची बातमी! उत्तम दर्जाचा मुरघास योग्य दरात." मागे कुठल्यातरी परदेशातलं हिरवंगार कुरण, त्यात चरणारी काळी-पांढरी गाय, आणि कोपऱ्यात हात जोडलेले मामा. फ्लेक्सवाल्याने फोटो गूगलवरून उचललाय हे शेंबडं पोरगं पण सांगेल. आता हायवेवरून जाणाऱ्यात कांदेवाला असतो, डाळिंबवाला असतो, शिर्डीला निघालेला असतो, पुण्याला नोकरीला जाणारा असतो, आणि ज्याच्या दारात गाय आहे तो यातला नेमका कोण, हे फ्लेक्सला कुठे कळतंय.

१३ फेब्रुवारी

मामांची उधारीची वही मागितली. आधी नाही म्हणाले, मग मामींनी आणून दिली.

वहीत सरळ दोन जाती दिसतात. एक मोठे गोठेवाले, वीस-पंचवीस गायी, मुक्त गोठा, मिल्किंग मशीन. ते टनाच्या बॅगा एकदम उचलतात, भावात घासाघीस करतात आणि पुढच्या वर्षी येतच नाहीत, कारण तोवर त्यांनी मुरघासाचा स्वतःचा खड्डा केलेला असतो. दुसरे तीन ते आठ गायींवाले. हे चार-पाच गाठी नेतात, दोघे-तिघे मिळून एक पिकअप करतात, आठ-दहा दिवसांनी परत येतात. मामा यांना "किरकोळ" म्हणतात. पण वहीची पानं उलटत गेलं की किरकोळवाल्यांचीच नावं परत परत येतात.

आणि ते बारकी गाठच का नेतात याला कारण आहे. मुरघासाची बॅग उघडली की हवा लागते, आणि रोज त्यातला जाडसा थर काढला नाही तर उघडी बाजू गरम व्हायला लागते आणि मग बुरशी. वीस गायींवाला टनाची बॅग तीनेक दिवसात संपवतो, त्याला काही फरक पडत नाही. तीन गायींवाल्याला तीच बॅग वीस दिवस पुरते, म्हणजे निम्मी खराबच. त्याच्यासाठी बारकी गाठ हाच खरा माल. एका गायीला दिवसाला १५ ते २० किलो धरलं तर एक गाठ म्हणजे तीन गायींचा एक दिवस. सकाळी उघडली, संध्याकाळपर्यंत संपली, खराब व्हायला वेळच नाही.

शाम्पूच्या पुडीवर वर्गात एक अख्खं लेक्चर झालेलं. १९८० च्या दशकात चिक शाम्पूवाल्यांनी बाटली न परवडणाऱ्याला पुडी दिली आणि बाजार फिरवला वगैरे. तेव्हा मी मागच्या बाकावर रील बघत होते. इथे पुडी आधीपासून तयार आहे, फक्त ती कोणासाठी आहे हे कोणी सांगितलेलं नाही.

सेगमेंट ठरला: तीन ते आठ गायी, स्वतःचा मका नाही किंवा पाण्याअभावी करता येत नाही. मामा म्हणाले, "बघ बाई, मोठी गिऱ्हाइकं तोडू नको." म्हटलं तोडत नाही, जाहिरात फक्त यांच्यासाठी करते.

२१ फेब्रुवारी

पठार भागात जाऊन आले, साकूरच्या बाजूला. संगमनेर म्हटलं की लोकांना प्रवरेकाठचा ऊस डोळ्यासमोर येतो, पण पठारावर उन्हाळ्यात प्यायला पाणी टँकरने येतं, तिथे मका कुठून करणार. दूध मात्र घरोघर.

एका गोठ्यावर चांगला तासभर बसले. चार गायी, पत्र्याचं शेड, शेणाची पाटी उचलायची आणि वैरण टाकायची सगळी कामं बाईच करत होत्या. मालक डेअरीवर गेलेले. मी नमुन्याला नेलेली गाठ त्यांच्यासमोर फाडली. त्यांनी मूठभर घेऊन नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. "आंबलंय का वो हे? वास येतोय." मी सांगितलं की असाच वास पाहिजे, लोणच्यासारखा आंबट-गोड, रंग पिवळसर हिरवा, काळं पडलं किंवा घाण वास आला तर खराब. त्यांना काही पटलं नाही. मग गव्हाणीत टाकलं. पहिल्या गायीने हुंगून तोंड फिरवलं (माझा जीव वरखाली), दुसरीने खाल्लं, तिचं बघून पहिलीने पण. थोड्या वेळाने बाईंनी गव्हाणीत हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "दांडं नाय राह्यलं की एक पण." कडब्याचे दांडे रोज राहतात आणि ते काढून टाकायचं काम त्यांचं असतं.

मग त्यांनीच प्रश्न केला, जो आमच्या एकाही जाहिरातीत नाही. "ही गाठ मी एकटीनं ढकलायची कशी?" आणि लगेच आडवी करून लोळवत शेडच्या कडेला नेली पण. त्या लोळवत असताना मी मोबाईलवर शूट केलं, हातच फक्त, चेहरा नको म्हणाल्या.

गायींना चारा घालते बाई, गाठ पसंत करणार बाई, पैसे देणार मालक आणि फेसबुक मालकाच्या फोनवर. जाहिरात बनवणारे आम्ही ऑफिसात बसून "शेतकरी बांधव" लिहितोय.

२८ फेब्रुवारी

फेसबुकला ॲड टाकली, रोजचं बजेट दीडशे रुपये, मेसेज थेट व्हॉट्सॲपला. संगमनेर मध्ये धरून ४० किलोमीटरचं वर्तुळ, इंटरेस्टमध्ये डेअरी फार्मिंग वगैरे.

नकाशावर वर्तुळ लई सुंदर दिसतं. पण त्याच्या आत काय काय येतं बघा. पश्चिमेला अकोले तालुक्याकडचा डोंगराळ भाग येतो, तिथे भात आणि डांगी जनावरं, त्यांना आमच्या गाठीचा काय उपयोग. उत्तरेला सिन्नर, तिथलं गणित पठारासारखंच. पूर्वेला लोणी आणि राहाता, म्हणजे मोठे गोठे आणि गायींचा बाजार, तिथे स्वतःचे खड्डे करणारे भरपूर. आणि इंटरेस्ट डेअरी फार्मिंग म्हणजे गाय असलेला माणूस असं थोडंच आहे. मेसेज पाठवणाऱ्यात एक जण पुण्यात आयटीत, त्याला गावी गोठा "सुरू करायचाय". एकाने गीर गाय विकत मिळेल का विचारलं. बाकीचे नुसतं "किंमत?" आणि पुढे गप्प.

वर्तुळ काढून टाकलं. आता वेगवेगळी गावं धरून पाच-सात किलोमीटरचे बारके पिन टाकलेत, फक्त पठार आणि सिन्नरची कड. इंटरेस्ट सगळे काढले. गावच एवढं बारकं आहे की निम्म्या घरी गाय असणारच, तिथे फेसबुकच्या अंदाजाची गरज नाही. गाळणी जाहिरातीच्या पहिल्या वाक्यातच लावली, म्हणजे ज्याच्याकडे तीन-चार गायी तो थांबेल, बाकीचे जातील पुढे.

८ मार्च

नवीन व्हिडिओ तयार. अर्धा मिनिट. कुरण नाही, ड्रोन नाही, मागे सनई नाही. पत्र्याचं शेड, बाईंचे हात गाठ लोळवतायत, फिल्म फाटते, मूठ नाकाशी जाते. आवाज मामींचा:

"तीन-चार गायी आहेत ना? मग टनाची बॅग घेऊ नका, निम्मी खराब होईल. ही ५० किलोची गाठ घ्या. एक गाठ, तीन गायी, एक दिवस. आंबट वास येतो, घाबरू नका, असाच पाहिजे. पहिले आठ दिवस थोडं थोडं द्या, सवय लागू द्या. सुकी वैरण बंद करू नका."

मामा म्हणाले स्वतःचा माल घेऊ नका सांगणारी जाहिरात पहिल्यांदा बघतोय. पण खरं तर याच वाक्यामुळे ऐकणाऱ्याला कळतं की हे माझ्याशी बोलतायत. माझ्या आवाजात आधी रेकॉर्ड केलेलं ते बातम्यांसारखं वाटत होतं. मामींनी एका दमात केलं, वर विचारलं याचे पैसे मिळणार का.

आज महिला दिन, तर कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांनी गुलाबी पोस्टर टाकलीत. मी हा व्हिडिओ टाकला. दोन लाइक.

१९ मार्च

मेसेज आता कमी येतात पण कामाचे येतात. पहिलाच प्रश्न "घरपोच का?" आणि दुसरा "उधार चालेल का?" दुसऱ्यावर गाडी अडते.

म्हणून आज सकाळी दूध संकलन केंद्रावर थांबले. इथलं सगळं गणित दहा दिवसांचं आहे. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर असं बिल निघतं आणि नंतर दोन-चार दिवसांनी खात्यावर पडतं. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा भावाचा पाया, त्याच्या खाली गेलं की कपात. आणि बिल हातात पडायच्या आधीच त्यातून पशुखाद्याच्या गोण्यांचे पैसे वळते झालेले असतात, कारण पेंड केंद्रावरच मिळते, आज उचला, बिलातून कापू.

म्हणजे आम्ही ज्यांना स्पर्धक समजत होतो ते राहात्याचे दोन मुरघासवाले मुळात स्पर्धेत नाहीतच. आमची स्पर्धा आहे केंद्रावर उधार मिळणाऱ्या गोणीशी. तिला जाहिरात लागतच नाही, ती रोज सकाळ-संध्याकाळ समोर रचलेली असते. आणि आमची जाहिरात म्हणते फोन करा, गाडीभाडं द्या, रोख मोजा. चार गायींवाल्याने महिन्याच्या १७ तारखेला रोख आणायची कुठून?

केंद्रचालकाशी बोलणं झालं. चांगला माणूस, पण एका वाक्यात व्यवहारावर आला: किलोमागे माझं काय. ठरलं. गाठी केंद्राच्या मागच्या शेडमध्ये उतरवायच्या, बिलातून कपात, चालकाला कमिशन. जाहिरातीचं शेवटचं वाक्य बदललं: "गाठ केंद्रावर मिळेल, पैसे बिलातून." फोन नंबर खाली बारीक. मामींकडून परत रेकॉर्ड करून घेतलं, या वेळी चहा करून द्यावा लागला.

व्हॉट्सॲपचं पण वेळापत्रक ठरवलं. बिल पडतं त्या दिवशी संध्याकाळी एक मेसेज, मधल्या दिवसात काही नाही. रोज सुप्रभात आणि फुलं पाठवणाऱ्या डीलरांना लोकांनी म्यूट केलंय, मी स्वतः बघितलंय.

३० मार्च, पाडवा

मामांना पाडव्याची ऑफर पाहिजे होती, दहा गाठींवर एक फ्री. चार गायींवाला दहा गाठी ठेवणार कुठे? शेडमध्ये जागा नाही आणि बाहेर ठेवल्या तर कावळे चोच मारतात, उंदीर कुरतडतात, तेवढ्या भोकातून हवा जाते. त्यापेक्षा प्रत्येक घरी चिकटपट्टीचा एक रोल फुकट द्या म्हटलं, भोक दिसलं की लगेच चिकटवा. मामा कुरकुरले, पण दिला. रोलवर आमचं नाव आणि नंबर छापून घेतलाय. फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडतो आणि गोठ्यातच खिळ्याला टांगलेला राहतो.

१५ एप्रिल

आता एकाच सेगमेंटच्या आत अजून फाटे दिसायला लागलेत. नदीकाठच्या गावातल्या चार गायींवाल्यांना आत्तापर्यंत उसाचे वाढे, म्हणजे तोडणीतले हिरवे शेंडे, मिळत होते, जवळजवळ फुकटात, त्यामुळे फेब्रुवारीत त्यांनी ढुंकून बघितलं नाही. यंदा कारखाने लवकर उरकले, वाढे संपले, आता तेच विचारायला लागलेत. म्हणजे जाहिरात तीच, माणूस तोच, फक्त महिना वेगळा आणि त्याचा प्रतिसाद वेगळा. पठारावर मात्र पाण्याचा प्रश्न जानेवारीपासूनच.

म्हणून दोन वेगळी पहिली वाक्यं. नदीकाठाला: "वाढे संपले, आता काय टाकायचं?" पठाराला: "मका करायला पाणी नाही, पण मुरघास मिळू शकतो." बाकी व्हिडिओ तसाच. गाईड सरांना दाखवलं तर खूश, म्हणाले १९५६ साली वेंडेल स्मिथने बाजाराचे भाग पाडायची कल्पना मांडली ती हीच, रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाक. टाकते. नदीकाठच्या वाढ्यांचा सीझन बघायला स्मिथ साहेब आले असते तर मजा आली असती.

दुसरी एक गोष्ट चालू केली, मिस्ड कॉल. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ मध्ये बिहारात मिस्ड कॉलवर गाणी आणि जाहिराती ऐकवायची सोय काढलेली, साध्या फोनवर, जिथे वीज-टीव्हीचा भरवसा नाही अशा भागासाठी. आपलं बारकं रूप: मिस्ड कॉल द्या, संध्याकाळी मामी किंवा मी उलट फोन करतो. बायकांचे फोन इथूनच यायला लागले. फेसबुकवर कधीच दिसल्या नाहीत त्या, त्यांच्या हातात बटणाचा फोन. त्या भाव शेवटी विचारतात. आधी विचारतात गाभण गायीला चालतं का, कालवडीला किती द्यायचं. रात्री प्रत्येक प्रश्न वहीत लिहायचा आणि उत्तर पशुवैद्यकांना विचारूनच द्यायचं, मनाने काही सांगायचं नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

मामांशी भांडण. त्यांना व्हिडिओवर मोठ्या अक्षरात "फॅट वाढणारच!" पाहिजे, कारण राहात्याचा एक जण तसं लिहितो. मी नाही म्हणाले. फॅट गायीच्या जातीवर आहे, वेताच्या कितव्या महिन्यात आहे त्यावर आहे, सुक्या वैरणीवर आहे. नुसता मुरघास ओतला आणि कडबा बंद केला तर फॅट उलट उतरू पण शकतो. मोठ्या गोठेवाल्याला हे माहिती असतं, तो जाहिरातीतलं सोडून देतो. पण आपलं गिऱ्हाईक दर दहा दिवसांनी फॅटचा आकडा छापील पावतीवर बघतं. दहाव्या दिवशी आकडा तोच दिसला की आपण गावात खोटे ठरलो, आणि गाव म्हणजे एकाच केंद्राच्या रांगेत उभी असलेली सगळी माणसं.

शेवटी लिहिलं: "रोज एकसारखा चारा, रोज एकसारखं दूध." हे पण सगळ्यांना लागू होईल असं नाही, पण पठारावर आज कडबा, उद्या विकतचं हिरवं गवत, परवा काहीच नाही असं चाललेलं असतं, तिथे एकसारखं या शब्दाला वजन आहे. मामा दिवसभर बोलले नाहीत, संध्याकाळी पुरणपोळीवर आले तेव्हा मिटलं.

२२ मे

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मी तरी बघितलेला नाही, रोज दुपारी काळं होतं आणि कोसळतं. लोकांचा काढून ठेवलेला कांदा भिजला. आमचा उन्हाळी मका शेतात उभा आहे आणि चिखलात मशीन जात नाही, दाणा चिकातून पुढे चाललाय.

जाहिरातीचं म्हणाल तर "पाणी नाही" वालं वाक्य आजच बंद केलं, बाहेर धो धो पडत असताना ते चालवणं म्हणजे चेष्टा. मामा म्हणाले सगळंच बंद कर, आता बांधावर गवत येईल, कोण घेतंय. गवत यायला अजून पंधरा-वीस दिवस लागतील आणि तोवर काय, हे विचारायला मिस्ड कॉलवाल्या चार-पाच घरांना फोन केले. सगळीकडे एकच, कडब्याची गंज भिजली. वरचा थर काळा पडलाय, जनावर तोंड लावत नाही, ताडपत्री होती ती कांद्यावर गेली. गाठीला मात्र फिल्म आहे.

संध्याकाळी मामींकडून दहा सेकंदांचं रेकॉर्ड: "कडबा भिजला का? गाठ भिजत नाही. केंद्रावर आहे, पैसे बिलातून." फेसबुकला टाकलंच नाही, फक्त व्हॉट्सॲप आणि केंद्राच्या स्पीकरवर, जिथून बिलाच्या सूचना देतात. बिल पडायला अजून दोन दिवस आहेत, पण या वेळी वेळापत्रक मोडलं.

२७ मे

काल मान्सून मुंबईत पोचला, एवढ्या लवकर आजवर कधीच आला नव्हता म्हणे. केंद्रामागच्या शेडमधल्या गाठी संपल्या. चालकाचा फोन, अजून पाठवा. मामांकडे माल शिल्लक आहे तो टनाच्या बॅगांमध्ये. बॅग फोडून परत बारक्या गाठी बांधायची आयडिया मामांच्या डोक्यात आली, म्हणजे आंबवलेला माल परत हवेला लावायचा. नको म्हटलं, त्या बॅगा लोणीच्या बाजूला मोठ्या गोठ्यांना द्या, भाव थोडा कमी झाला तरी. चालकाला खरं काय ते सांगितलं: आता गाठ जुलैशिवाय नाही.

१४ जून

बांधाबांधाला हिरवं दिसायला लागलंय, मागणी खाली आली, जाहिरातीचं बजेट शून्यावर. मेसेज फक्त एक पाठवला: शिल्लक गाठी सावलीत ठेवा, भोक दिसलं तर पट्टी लावा, हिरव्या गवताबरोबर सुकं द्या. विकायला काही नाही त्यात. तरी त्याला उत्तरं जास्त आली, बहुतेक अंगठे आणि एक फोटो, ज्यात आमच्या रोलने गाठ सोडून पावसाळी बूट चिकटवलाय.

पुढच्या हंगामासाठी मामांशी ठरलेलं: खरिपाच्या मक्यातला निम्म्याहून जास्त माल बारक्या गाठीत बांधायचा, आणि शक्य असेल तर ४० किलोची अजून एक साइझ, कारण दोन गायींवाले फोन करून विचारतात आणि त्यांना ५० पण जास्तच होते. मिस्ड कॉलच्या वहीत प्रत्येक नावापुढे गायी किती, नदीकाठ की पठार, कोणत्या केंद्राला दूध, आणि फोन कोण उचलतं, एवढे चार रकाने. सिन्नरच्या बाजूला एक केंद्र बघायचंय, तिथे बिल पंधरा दिवसांनी निघतं असं ऐकलं, म्हणजे मेसेजच्या तारखा वेगळ्या लावाव्या लागतील. हायवेवरचा फ्लेक्स मामा काढत नाहीत, त्यावर त्यांचा फोटो आहे. राहू दे.